चुकांचा रकाना

पर्युषणासाठी अमेरिकेहून घोटीस आलेला माझा पुतण्या परवा आपल्या सॉफ्टबॉलच्या हंगामाचा तक्ता दाखवीत होता. बाहेर पावसाची झड लागलेली, त्यामुळे ऐकण्यास सवड होती. नोकरी सांभाळून रविवारी तो हा खेळ हौसेने खेळतो.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ मध्ये शिकागो येथे मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, काठीची बॅट केली आणि हा खेळ प्रथम छपराखाली खेळला गेला. हौशी मंडळी बहुधा त्याचा संथ चेंडूफेकीचा प्रकार खेळतात. चेंडू खालच्या हाताने, कमानीसारखा उंच फेकावयाचा असतो. तो फटकावणे तुलनेने सोपे, म्हणून क्षेत्ररक्षकांची कसोटी अधिक. पुतण्या दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान, शॉर्टस्टॉपच्या जागी उभा राहतो. जमिनीलगत वेगाने येणारा चेंडू अडवून, फलंदाज पोहोचण्यापूर्वी तो पहिल्या बेसकडे फेकणे, हे त्याचे मुख्य काम.

आकडे पाहण्याची माझी बँकेतील सवय अद्याप गेलेली नाही. त्याने ४६ वेळा काम चोख बजावले होते आणि चुका होत्या ५. म्हणजे यश शेकडा ९०.

तो म्हणाला, “काका, स्कोअररने चारच लिहिल्या होत्या. पाचवी मी सांगून लिहवून घेतली.”

घडले ते असे. शेवटच्या सामन्यात प्रतिपक्षाचे दोघे बाद झाले होते. सरळ आलेला चेंडू याच्या हातमोज्याखालून निसटला. स्कोअररने ती फलंदाजाची हिट धरली. तिसरा गडी बाद होऊन डाव संपावयाचा, तो लांबला आणि दोन धावा चेंडू फेकणाऱ्या नवख्या मुलाच्या नावे पडल्या. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेल्या अशा धावा पिचरच्या हिशेबात धरीत नाहीत. चूक कबूल होताच त्या मुलाचे खाते मोकळे झाले. याचे मात्र ९२ वरून ९० वर आले.

“राहू द्यायचे होते. कोणाला कळणार होते?” मी सहज बोलून गेलो.

“त्या मुलाला वाटत राहिले असते, की त्याचाच चेंडू वाईट होता.”

मी निरुत्तर झालो. चुकीची नोंद दुरुस्त केल्याखेरीज दिवस न मिटवणारा मी, आणि हे शब्द माझ्या तोंडून निघाले!

क्रिकेटच्या धावफलकात सुटलेल्या झेलाची नोंद नसते. सॉफ्टबॉलमध्ये मात्र धावा आणि हिट यांच्या शेजारी चुकांचाही रकाना असतो. आपल्या आलोचनेचे मर्म मला त्यात दिसले. संवत्सरीस आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. एकच संदेश शेकडो जणांस धाडतो. परंतु अमुक दिवशी, अमुक व्यक्तीच्या बाबतीत माझी ही चूक झाली, असे नेमके म्हणणे जड जाते.

सेवाकाळात एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या नावे एक चूक लागली होती. तिच्यातील निम्मा वाटा माझा होता आणि मी गप्प राहिलो होतो. त्या रात्री त्यांचा क्रमांक शोधून काढला. संवत्सरीपर्यंत थांबलो नाही. प्रथम चूक सांगितली, मग म्हणालो, मिच्छामि दुक्कडम्.