पदवी आपली, सनद कोणत्या राज्याची?

आमच्या अभ्यासिकेत बसून बी.फार्म. झालेला एक तरुण नांदेडहून हैदराबादला निघाला. जाण्याआधी त्याने विचारले, "दादा, ही डिग्री तिकडे चालेल ना?" आम्ही म्हणालो, "चालेल की, देश एकच आहे." हे उत्तर अर्धवट होते आणि त्याची किंमत त्या पोराने मोजली. तिकडच्या मेडिकलवाल्याने सांगितले, इथला रजिस्ट्रेशन नंबर नाही. हेल्पर म्हणून राहा. पदवी फार्मासिस्टची, पगार हेल्परचा. अशी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हा लेख.

कायदा आधी समजून घेऊ. पदवी विद्यापीठ देते. व्यवसायाचा अधिकार नोंदणीतून मिळतो. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार ही नोंदणी राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे होते. कलम 42 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. मग परराज्यात गेल्यावर काय? कलम 32 स्पष्ट आहे. एका राज्यात नोंदलेला फार्मासिस्ट दुसऱ्या राज्यात राहत असेल किंवा तिथे व्यवसाय करत असेल, तर ठरलेली फी भरून त्याला तिथे नोंदणी मिळण्याचा हक्क आहे. पुन्हा शिकावे लागत नाही. पण जुन्या कौन्सिलचे ना-हरकत पत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो. म्हणून ही कागदपत्रे घर सोडण्याआधीच तयार ठेवा. औषध कारखान्यात उत्पादन किंवा तपासणी विभागात काम करायचे असेल, तर मात्र पदवी आणि अनुभव पाहिला जातो. तिथे अशी राज्याची नोंदणी अडवत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. त्या तरुणाला ना-हरकत पत्र का आणता आले नाही? कारण त्याचे सर्टिफिकेट तालुक्यातल्या एका मेडिकलच्या भिंतीवर टांगलेले होते, महिन्याच्या भाड्यावर. औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यावीत, असा नियम आहे. तरीही दुकानाचा परवाना आपल्या पोराच्या नावावर निघतो, काउंटरवर दुसराच बसतो आणि गल्ला मालकाचा. उद्या चुकीचे औषध गेले, तर जबाब द्यायला नाव आपले. नोंदणी रद्द झाली, तर पिढीतला पहिला पदवीधर पुन्हा बिगारीवर. चार पैशांची गरज आम्हाला कळते. त्या गरजेवरच हा धंदा उभा आहे. पण आपली सनद दुसऱ्याच्या भिंतीवर ठेवून आपण परराज्यात हेल्पर होणार असू, तर शिकलो कशासाठी?

बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, तरी 1923 मध्ये मुंबईत वकिली करण्यासाठी त्यांना सनद काढावी लागली. तिच्यासाठी पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली. सनद हातात आली, तरी सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य वकिलाकडे काम द्यायला तयार नव्हती. म्हणजे कागद पुरा झाला, तरी जात आडवी येतेच. आज राज्याची सीमा ओलांडणाऱ्या आपल्या तरुणांपुढेही हाच दुसरा प्रश्न उभा राहतो.

संविधानाच्या कलम 341 नुसार अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. 1990 मध्ये आंध्रातून मुंबईत आलेल्या एका आदिवासी विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्थलांतरिताला नव्या राज्यात हे आरक्षण मिळत नाही. 2018 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हीच भूमिका कायम ठेवली. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले, तरी फरक पडत नाही. म्हणजे महाराष्ट्राचा दाखला घेऊन तेलंगणाच्या सरकारी दवाखान्यातल्या राखीव जागेवर फार्मासिस्ट होता येणार नाही. रेल्वे, ईएसआयसी अशा केंद्राच्या भरतीत मात्र मूळ राज्याचा दाखला देशभर चालतो.

यावर आपले काही कार्यकर्ते म्हणतात, प्रत्येक राज्यात आरक्षण मागा. आम्हाला ते पटत नाही. तिथल्या माला-मादिगा बांधवांच्या वाट्यात आपण हात घालायचा, ही चळवळ नव्हे. त्यांचा मागासलेपणा तिथल्या गावगाड्यातून आला आहे आणि तो वाटा त्यांचाच आहे. आपली लढाई वेगळी आहे. आपली पोरे परराज्यात जातात ती बहुतेक खाजगी नोकरीसाठी, जिथे आरक्षणच नाही. म्हणून मागणी करायची, तर औषध कंपन्यांत आणि साखळी दुकानांत प्रतिनिधित्वाची करा. फार्मसी कायद्यात केंद्रीय नोंदवहीची तरतूद आहेच. त्या आधारे देशभर चालणारा एकच नोंदणी क्रमांक मागा. कौन्सिलच्या दारात महिनोन्‌महिने हेलपाटे मारणे श्रीमंताच्या पोराला परवडते, मजुराच्या पोराला नाही.

आणि एक लक्षात ठेवा. आरक्षण सीमेवर थांबले, तरी संरक्षण थांबत नाही. आपली जात त्या राज्याच्या यादीत नसली, तरी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मिळते, असा निर्णय 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला आहे. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाते, हे आम्ही पाहिले आहे. अशा ठिकाणी एकटे राहू नका. तिथले विहार, तिथल्या संघटना शोधा.

त्या तरुणाने भिंतीवरचे सर्टिफिकेट उतरवले आहे. महिन्याचे भाडे बंद झाल्यावर घरात कुरकुर झाली; आम्ही जाऊन त्याच्या आईला समजावले. आता त्याचा अर्ज कौन्सिलकडे आहे. आमची विनंती एवढीच की, प्रत्येक अभ्यासिकेने आणि विहाराने परराज्यात निघालेल्या पदवीधराची कागदपत्रे निघण्याआधी तपासावीत. "चालेल की" म्हणून मोकळे होऊ नये.

जय भीम!