पुरांतून आलेली मालमोटार

ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेचें पाणी शिरोलीपाशीं महामार्गावर चढलें आणि पुणें-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली, हें वाचकांस स्मरतच असेल. रस्ता बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळीं आमचा पुतण्या मालमोटारींत साखरेचीं पोतीं घालून कऱ्हाडास घरीं आला. आडरस्त्यानें येतांना एका ओढ्यावर चाकें निम्म्याहून अधिक बुडालीं होतीं. तरी इंजिन एकदांहि अडखळलें नाहीं, हें त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें. वहिनींनीं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो पुतण्यावरून कीं मोटारीवरून, हें मला अद्याप कळलेलें नाहीं! तळ न दिसणाऱ्या पाण्यांत गाडी घालावीच कां, हा माझा प्रश्न मात्र त्या आनंदांत कोणीं ऐकून घेतला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास माल पोंचवावयाचा आणि त्या भाड्यांतून बँकेचा हप्ता भरावयाचा, असा त्याचा बेत होता. पण आमच्या शेजारचे वृद्ध मिस्त्री, ज्यांना घरांतील सारीं मुलें मामा म्हणतात, आडवे आले.

“दादा, तपासल्याशिवाय सेल्फ मारायचा नाहीं.”

“मामा, गाडी चालत आली आहे; कोणी ओढून आणलेली नाहीं.”

“म्हणूनच म्हणतों.”

मामांनीं प्रथम बॅटरीची तार सोडली आणि एअर फिल्टर उघडला. तो कोरडा होता, म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटांत शिरलें नव्हतें. तो ओला असता तर? डिझेल इंजिनांतील दट्ट्या हवेला सोळा-सतरा पटींनीं दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाहीं. वाटीभर पाणी आंत असतां सेल्फ मारला कीं कनेक्टिंग रॉड वांकतो, क्वचित् इंजिनाची भिंतहि फोडतो. पाण्यांत गाडी बंद पडल्यावर घाबरून पुनःपुन्हां सेल्फ मारणारे लोक आपलें इंजिन आपल्याच हातानें मोडतात. अशा वेळीं इंजेक्टर काढून, इंजिन हातानें फिरवून पाणी बाहेर घालवावें लागतें. आणखी एक गोष्ट: अशा रीतीनें मोडलेल्या इंजिनाची भरपाई साध्या विम्यांत बहुधा मिळत नाहीं, त्यासाठीं निराळें कलम घ्यावें लागतें. विमापत्र पावसाळ्यापूर्वींच वाचून ठेवलेलें बरें.

मग चेंबरचा बोल्ट मामांनीं किंचित् सैल केला. तेलांत पाणी असेल तर तें जड असल्यामुळें तळाशीं बसतें आणि आधीं तेंच ठिबकतें. निव्वळ तेल आलें. पुतण्या आम्हां सर्वांकडे विजयी मुद्रेनें पाहूं लागला.

त्याचा तो आनंद मागच्या आंसाचा बोल्ट निघेपर्यंतच टिकला. तेथून जें बाहेर आलें तें तेल नसून ताकासारखा पांढुरका पदार्थ होता! तापलेला पेला पाण्यांत उपडा घातला तर आंतील हवा आकसते आणि पाणी वर ओढलें जातें, हें आपल्या मुलांनीं शाळेंत पाहिलेलें असतें. तोच प्रकार येथें होतो. तासन् तास धांवून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आकसते, आणि हवेच्या लहानशा नळींतून किंवा सीलच्या कडेनें पाणी आंत ओढलें जातें. त्या ताकावर गाडी दोन महिने बिनतक्रार चालेलहि; मग बेअरिंग गंजून आवाज करूं लागतात, आणि मालक सुट्या भागांच्या दुकानदारास शिव्या देतो.

आतां चाकें काढणें भाग होतें. पोतीं आमच्या ओसरीवर उतरलीं. मुंग्यांचा समाचार वहिनींनीं घेतला. हबांतील ग्रीस धुपून गेलें होतें, आणि ब्रेकच्या ड्रमांत लायनरभोंवतीं बारीक गाळ साठला होता. मामांनीं तो बोटानें काढून पुतण्याच्या तळहातावर ठेवला. आमचा चालक जवळच उभा होता. पहाटे भरल्या गाडीनें घाट तोच उतरणार होता. तो कांहींच बोलला नाहीं. पुतण्यानें त्याच्याकडे एकवार पाहिलें आणि म्हणाला, “मामा, सहाहि चाकें काढा.”

आंस आणि गिअरबॉक्स यांचें तेल बदललें, बेअरिंग धुऊन नवें ग्रीस भरलें, ड्रम स्वच्छ केले, हवेच्या ब्रेकच्या टाक्या खालून मोकळ्या केल्या, डिझेलच्या टाकीच्या तळचें पाणी काढलें. शंभरेक किलोमीटर चालवून आंसाचें तेल पुन्हां बदलावें, असें मामांनीं बजाविलें. कारण कोपऱ्यांत राहिलेला ओलावा एका धुण्यानें जात नाहीं. माल तिसऱ्या दिवशीं गेला. हप्ता माझ्या थोरल्या बंधूंनीं भरला, आणि दसऱ्यापर्यंत रोज त्याची आठवणहि करून दिली.

तीन आठवड्यांनीं मागचा एक दिवा विझला. तारेच्या जोडणींत हिरवा गंज चढला होता. पुतण्यानें तो स्वतः खरडून काढला, आणि मग बाकीच्या जोडण्या एकेक उघडून पाहात दुपारपर्यंत गाडीखालींच पडून होता.