एका वेटोळ्याची कैफियत

विजेच्या गिटारीतून घूं घूं ऐकू येऊ लागली की आमची वडीलधारी मंडळी निकाल देतात, "दुकानदाराने फसवले!" दोन वेटोळ्यांचे पिकअप बसवून घेतलेला शेजारचा तरुणही त्यांच्या होला हो मिळवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर होते तसले एका वेटोळ्याचे पिकअप आजही कोणी हौसेने घेतो, हे या उभयतांना शुद्ध वेडेपण वाटते. मला वाटत नाही. आणि का वाटत नाही ते सांगायचे तर आधी या वस्तूच्या पोटात शिरले पाहिजे.

पोटात फारसे काही नाही. सहा तारांखाली लोहचुंबकाच्या सहा कांड्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास फेरे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हालते, वेटोळ्यात इवलीशी वीज उपजते आणि तीच ध्वनिवर्धकातून मोठी होऊन बाहेर पडते. कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५४ साली आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत असे तीन पिकअप बसवले. (त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आमच्याकडच्या समीक्षकांनी यात समाधान मानायला हरकत नाही.)

हेच वेटोळे आसपासच्या विजेची स्पंदनेही ओढून घेते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, अमेरिकेतली ६०. घूं घूं येते ती तिथून. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढून १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. दोन वेटोळी शेजारीशेजारी, एक दुसऱ्याच्या उलट. घूं घूं आपापसांत जिरते आणि तारेच्या स्वराची मात्र बेरीज होते. उपाय अस्सल बुद्धीचा खरा, पण फुकटचा नव्हे. दोन वेटोळी एकच तार दोन जागी ऐकतात, आणि त्या फरकात वरचे काही उपस्वर हरवतात. फेरे वाढल्याने उरलेल्यांची धारही बोथट होते. आवाज जाड, गुळगुळीत येतो. काही गाण्यांना तो शोभतोही. पण नखी तारेवर पडल्याक्षणीचा तो काचेसारखा टणका ऐकायचा असेल तर एकाच वेटोळ्याकडे जावे लागते, आणि तेही माफक फेऱ्यांच्या.

तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागावे, याचे मला नवल वाटते. उपस्वर फुलावेत म्हणून घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून बसणारे आपणच ना?

मात्र माझे खरे भांडण निराळ्याच मंडळींशी आहे. 'जुने' हा शब्द कानी पडताच हात जोडणारे हे भक्त! त्यांच्यासाठी कोऱ्या गिटारीचा रंग कारखान्यात खरवडतात, स्क्रू गंजवतात आणि वर अधिक दाम घेतात. १९५० च्या दशकात तिसरी तार वेष्टन दिलेली, म्हणून आवाजाने क्षीण असे. तिला आधार म्हणून तिच्याखालची कांडी उंच ठेवली होती. आज बहुतेक वादक तिसरी तार साधी लावतात. ती त्या उंच कांडीवर बाकीच्यांना दडपून ओरडते. तरी जुन्या धाटणीचे म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पिकअपांत ती कांडी अजून उंचच! सासरा गेला तरी सुनेचा पदर खाली येत नाही, तशातला प्रकार. फेंडरच्या कारखान्यात १९५६ पासून वेटोळी भरणाऱ्या अबिगेल इबारा या बाईंच्या हातचे पिकअप लोक शोधत फिरतात, ते मला समजते. हाताने तार फिरवण्यात एक गुण असतो. गंजात कोणता असतो?

तेव्हा घरातल्या मुलाने या दिवाळीत गिटार मागितली, तर दुकानात तीनच प्रश्न विचारा: फेरे किती, चुंबक कोणता, तिसरी कांडी केवढी. सन विचारू नका. आणि घरी आल्यावर घूं घूं फारच छळू लागली, तर मुलाला जागच्या जागी हळूहळू वळायला सांगा. एका दिशेला ती बरीचशी मावळते. तरीही उरली तर खिडकीतली लुकलुकणारी माळ घटकाभर बंद करा.