रंगाखालचे कुजके लाकूड

सुकाणूला रंग फासला म्हणजे ते दुरुस्त झाले, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे. वाचकांना हे भांडण क्षुल्लक वाटेल. परंतु नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदाकाठी राहणाऱ्यांना ते तसे वाटणार नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्याने तेथील जुन्या वाटा गिळल्या. २०१९ साली तो जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला. आजारी माणूस, बाळंतीण, धान्याची पोती यांना कित्येक पाड्यांवर नावेवाचून गती नाही. त्याच वर्षी मकर संक्रांतीला भुशाजवळ नाव उलटून माणसे दगावली. त्या दुर्घटनेचे खापर मी सुकाणूवर फोडीत नाही. नावेत फार माणसे होती, असे तेव्हा बातम्यांत आले होते. पण अशा पाण्यावर नाव ऐनवेळी वळली नाही तर काय होते, हे सांगायला नको.

मागे एका नावेचे सुकाणू पाहत होतो. वर निळा रंग चकचकत होता. "फादर, आताच रंगवलंय, दोन वर्षं बघायला नको," नावाडी म्हणाला. बिजागरीच्या बोल्टाजवळ मी अंगठा दाबला, तर नख सरळ आत रुतले. त्या गरिबाचा दोष नव्हता. त्याला तसेच शिकविले गेले होते.

लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. ते कुजविते बुरशी, आणि बुरशीला ओलाव्याबरोबर हवाही लागते. म्हणून सदैव बुडालेला भाग टिकतो आणि पाणरेषेजवळचा, बोल्टाच्या भोकांजवळचा भाग आधी जातो. वसईच्या आपल्या मच्छीमार बांधवांना लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांची धास्ती असते. नर्मदेच्या गोड्या पाण्यात ते किडे नाहीत, पण बुरशीला मात्र तेच पाणी अधिक मानवते. अशा ओल्या लाकडावर लांबी, रंग किंवा फायबरचा थर चढविणे म्हणजे ओल आत कोंडून बुरशीची सोय लावणे होय.

खरी दुरुस्ती उघडे करण्यापासून सुरू होते. सुकाणू उतरवावे, लोखंडी पट्ट्या काढाव्यात, टोच्याने टोचून मऊ भाग शोधावा आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत तो निर्दयपणे तासून काढावा. मग सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे सुकू द्यावे. ओलावा वीस टक्क्यांखाली आला की बुरशीची वाढ थांबते. त्यानंतर त्याच जातीचा तुकडा, धागा धाग्याला जुळवून, जाडीच्या आठपट लांबीच्या तिरकस सांध्याने बसवावा. बोल्टाची भोके मोठी करून इपॉक्सीने भरावीत व पुन्हा पाडावीत, म्हणजे पाणी लाकडात शिरणार नाही. रंगाचा मान सर्वांत शेवटी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, एवढी यातायात कशाला, नवेच करा. ज्या सागवानाचा हातभर भाग कुजला, त्याचे उरलेले निरोगी लाकूड फेकून देणे ही उधळपट्टी आहे. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: आठवडेच्या आठवडे नाव बांधून ठेवली तर नावाड्याने खावे काय, आणि पाड्याने जावे कसे?

याचे उत्तर नावाड्याने द्यायचे नसून नाव देणाऱ्यांनी द्यायचे आहे. नव्या नावेला हार घालायला पुष्कळ हात पुढे येतात. तिच्या तिसऱ्या पावसाळ्याची तरतूद कोणी करीत नाही. यापुढे नाव देताना तिच्याबरोबर त्याच बिजागऱ्यांचे एक जोड सुकाणू द्यावे. एक पाण्यात चालेल, दुसरे सावलीत सुकेल. एवढा खर्च जड वाटत असेल, तर नावेवर देणगीदाराचे नाव रंगविण्याचा खर्च तरी आधी वाचवावा.