ताई-दादांच्या उपकारावर चाललेलं उच्चशिक्षण

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला ‘जॅम’ नावाची परीक्षा असते आणि ती दिली की आयआयटीत एमएस्सी करता येतं, हे कोण सांगतं? कॉलेजचा सूचनाफलक सांगत नाही. सांगते ती तिच्याच तालुक्यातली, पुढे शिकायला गेलेली कुणीतरी ताई. तेही रात्री साडेअकराला, व्हॉट्सॲपवर. पदवीनंतरची वाट आपल्याकडे अशी या फोनवरून त्या फोनवर पोचते. आणि ती दाखवणं ज्यांचं काम, ते ‘मुलं एकमेकांना किती छान मदत करतात’ म्हणून मोकळे होतात. मला या कौतुकाचाच राग येतो.

मी पीएचडी करते आणि अशी ताई आहे. हे काम म्हणजे दोन प्रेमळ शब्द आणि ‘ऑल द बेस्ट’ असं कुणाला वाटत असेल, तर जरा तपशील ऐका. जॅमचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा असतो, परीक्षा फेब्रुवारीत. मुलं विचारतात जानेवारीत. म्हणून जुलैपासून मागे लागावं लागतं. ओबीसी मुलाकडे सेतूतून काढलेला दाखला असतो. केंद्रीय संस्थांना नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिला शिफारसपत्र लागतं. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ ज्याने जन्मात शिफारसपत्र पाहिलेलं नाही, तो काय लिहिणार? मग ते माझ्याकडे येतं. शिवाय घरच्यांशी बोलायचं असतं. ‘अजून दोन वर्षं शिकून नोकरी लागेल का?’ या वडिलांच्या प्रश्नाला खोटा दिलासा न देता उत्तर द्यायचं असतं. हे सगळं काम आहे. त्याला वेळ लागतो, अनुभव लागतो, आणि चुकीचा सल्ला गेला तर एका मुलाचं वर्ष जातं.

‘माहिती तर सगळी नेटवर आहे,’ असं म्हणणारे हमखास भेटतात. आहे की. पण ‘जॅम’ हा शब्दच कानावर पडला नसेल तर सर्च काय करणार? ज्याचा मामा प्रोफेसर आहे, त्याला हे जेवणाच्या ताटावर कळतं. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर तो स्वतः, त्याला ते कळण्यासाठी नशिबाने एखादी ताई भेटावी लागते. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या व्यवस्थेने इतकं नशिबावर सोडलंय.

कॉलेजांकडे ‘मेंटॉर-मेंटी’ योजना असते. नॅकच्या फाइलमध्ये एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे गुणोत्तर लिहावं लागतं, म्हणून ती असते. प्रत्यक्षात कितीतरी मुलांना आपला मेंटॉर कोण, हे त्या फाइलवर सही करतानाच कळतं. शिक्षकांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. पदं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात. दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायला धावणाऱ्या माणसाने थांबून मार्गदर्शन कधी करायचं?

त्यामुळे ओझं येतं आमच्यावर. आम्ही तरी कोण? याच राज्यातल्या संशोधकांना स्वतःच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात आंदोलनं करावी लागली आहेत. केंद्रीय विद्यापीठातल्या नेट नसलेल्या पीएचडी विद्यार्थ्याला महिना ८,००० रुपये मिळतात आणि राज्य विद्यापीठांतल्या अनेकांना तेवढेही नाहीत. ज्याचं स्वतःचं भाडं थकलंय, त्याच्याकडून फुकट समाजसेवेची अपेक्षा. त्यातही मुलींकडून जास्त, कारण ‘ताई समजून घेते’.

पैशाचं नाव काढलं की लगेच ऐकू येतं, ‘मोबदला आला की आपुलकी जाते.’ मग पगार घेणाऱ्या नर्सची माया खोटी म्हणायची का? आणि हे तत्त्व तर आधीच मान्य झालेलं आहे. आयआयटीत एमटेकच्या विद्यार्थ्याला आठवड्याला ८ तासांच्या सहाय्यक कामावर महिना १२,४०० रुपये मिळतात. पंतप्रधान संशोधन फेलोंना ७०,००० रुपयांपासून पुढे फेलोशिप मिळते आणि आठवड्यातून एकदा जवळच्या संस्थेत शिकवण्याची अट असते. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांत संशोधकांना आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापनाचं काम देता येईल असं लिहिलेलं आहे. आणि ‘कमवा व शिका’ तर आपल्याच मातीतली योजना. त्यात बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात काम केलेल्या विद्यार्थ्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. रोपाला पाणी घातलेला तास मोजता येतो, तर ज्युनिअरचा अर्ज तपासलेला तास का मोजता येत नाही?

म्हणून मागणी सरळ आहे. यूजीसीच्या त्या ४ ते ६ तासांत ज्युनिअरांचं मार्गदर्शन धरा आणि त्याचे पैसे द्या. विद्यापीठाने आपल्या संशोधकांना संलग्न कॉलेजांत, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी पाठवावं, एसटीच्या भाड्यासकट. म्हणजे मुलांना मदत ओळखीने न मिळता हक्काने मिळेल. ताई आजारी पडली, तिचं लग्न झालं, ती परदेशी गेली, तरी पुढच्या बॅचची वाट बंद होणार नाही. मार्गदर्शनाच्या नावाखाली ज्युनिअरकडून स्वतःचा डेटा टाइप करून घेणारे दादाही असतात. काम अधिकृत झालं तर त्यांच्याविरुद्ध तक्रारीला जागा राहील.

तोवर मी फोन उचलणं थांबवणार नाही, कारण व्यवस्थेशी भांडण आहे म्हणून समोरच्या मुलीचा फॉर्म चुकवण्यात काही शौर्य नाही. पण तुम्हीही कुणाचे ताई-दादा असाल, तर आजपासून एक करा. कुणाला काय मदत केली, किती वेळ गेला, तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्या वह्या घेऊन आपापल्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊ. कौतुक पुरे झालं, आता हिशोबाचं बोलू.