"वय झालं, चालायचंच" हे आता बंद करा



आजोबा आपल्याच गावात वाट चुकले, आजीला नातवाचं नाव आठवेना, की घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." माझा या "चालायचंच"वर राग आहे.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. राखणही त्याच करतात, साफसफाईही त्याच. त्यांना ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक मोटरी म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. मोटर जळाली की आपण ती विहिरीतून काढतो, तांबं वेगळं करतो, कामाचा माल परत वापरतो. पेशीही तेच करते. पेशी स्वतःचे खराब भाग कसे मोडून परत वापरते, हे उलगडणाऱ्या जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं.

वय वाढतं तसं हे काम मंदावतं. जळालेल्या मोटरी आतच साचतात. त्यांच्यातला डीएनए बाहेर गळतो, पेशीला वाटतं विषाणू घुसला, आणि राखणदारच भडकतो. ही धग वर्षानुवर्षं राहिली की शेजारच्या चांगल्या पेशीही होरपळतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. माणसासाठी यावर औषध अजून नाही, म्हणून "मेंदूचं टॉनिक" विकणाऱ्यांपासून लांब राहा.

मग आपल्या हातात काय? बरंच आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या मते जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्यासाठी बीपी, शुगर, बिडी-सिगारेट, कमी ऐकू येणं, अधू नजर, एकटेपणा यांकडे वेळेत बघावं लागतं. शिवाय काहींचा विसराळूपणा बी-१२ किंवा थायरॉईडमुळे असतो, तो उपचाराने सुधारतो. पण तपासलं तर कळणार ना!

भारतात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्या तालुक्यातली पोरं पुण्या-मुंबईला, घरी दोन म्हातारी माणसं. कोणाच्या लक्षात येणार?

माझी मागणी साधी आहे. उपकेंद्रात बीपी-शुगर बघताना साठीपुढच्यांची स्मरणशक्ती आणि कानही तपासा. आशाताईंना त्याचं प्रशिक्षण द्या, आणि वाढीव कामाचा मोबदलाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, कानाचं मशीन अशा साधनांसाठी ३००० रुपये आहेत. गावातल्या तरुणांनी अर्ज भरून द्यावेत.

राळेगणसिद्धीत पाणी अडलं ते गाव एकत्र बसलं म्हणून. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. तुमच्या गावात कोण मांडणार, कमेंटमध्ये सांगा.