जर्नलात हरायला परवानगी हवी

‘एल्डन रिंग’ हा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो २०२२ साली आणला. अफाट काल्पनिक प्रदेशात हवे तिकडे भटकायचे आणि पदोपदी मरायचे, असा त्याचा खाक्या! सोपी पातळी निवडण्याची सोय नाही.

जळगाव-धुळ्याकडचे माझे विद्यार्थी त्याविषयी बोलतात, ते ऐकण्यासारखे असते. मार्गिट नावाचा शत्रू काठी उगारून क्षणभर थांबतो; घाईने उडी मारणारा नेमका सापडतो. हे वीस वेळा मरून कळते. मग पुढच्या खेपेस उडी किंचित उशिरा. तरी जमले नाही, तर आधी दुसरीकडे फिरून बळ वाढवायचे. (यूट्यूबवर युक्ती पाहून जिंकणारेही आहेत, त्यांचे मला फारसे कौतुक नाही.) निरीक्षण, अंदाज, पडताळा. प्रयोग म्हणजे दुसरे काय असते?

आणि हाच विद्यार्थी प्रयोगशाळेत साध्या लंबकाने गुरुत्वीय त्वरण काढताना ९.८ आधी लिहितो व निरीक्षणे मागाहून ‘जमवतो’! मी त्याला दोष देणार नाही. खेळात मेल्यावर कमाई तिथेच सांडते, पण परत जाऊन उचलता येते. जर्नलात ९.६ आले, की गुण गेले.

वास्तविक ५० सेंटिमीटर दोरा मोजला आणि गोळ्याची १ सेंटिमीटर त्रिज्या धरायची राहिली, तर उत्तर ९.६ च येते. शिक्षक बंधुभगिनींनो, ९.६ तसेच ठेवून हे कारण शोधणाऱ्याला पूर्ण गुण द्यायला आपली काय हरकत आहे?